घड्याळजींनी केस मागे घेतली

हसू नका हं, खरं सांगते. हा माणूस पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं, मला डोळा मारतोय! माझं सुईदोऱ्याचं दुकान, शेजारी याची घड्याळदुरुस्तीची टपरी. मी कुलूप उघडतेय, तर हा एक डोळा मिटून टक लावून बघतोय. आठ दिवस मी तोंड फिरवून गेले, आणि खोटं कशाला बोलू, रोज पावडर लावून गेले. नवव्या दिवशी कळलं, दुसऱ्या डोळ्यात भिंग होतं. त्यातून मी त्याला दिसतच नव्हते! एवढा अपमान जन्मात झाला नाही माझा.

तेव्हापासून आमची गट्टी.

घड्याळजी मनाचा सरळ, पण हट्टी. मुलगा-सून वेगळे झाले, मुलगा लांब निघून गेला. सून नातीला घेऊन पलीकडच्या गल्लीत राहायला गेली. सासऱ्या-सुनेत काहीतरी शब्दाला शब्द लागला, आणि नात भेटावी म्हणून याने थेट कोर्टात अर्ज ठोकला. तिनेही वकील दिला. सहा महिने नुसत्या तारखा.

मग नातीचं गजराचं घड्याळ बंद पडलं. पोरगी अडून बसली, आजोबांशिवाय कुणी हात लावायचा नाही. सून तिला घेऊन टपरीवर आली, गाल फुगवून. काम दहा मिनिटांचं. या लबाडाने चार शनिवार लावले! पाचव्या शनिवारी सून म्हणाली, "बाबा, हे केव्हाच चालू झालंय ना?"

हा भिंग पुसत बसला.

"असू दे. शनिवारी येत जाऊ आम्ही."

मग केस कशाला हवी? हा म्हणाला, "आता कोर्टाची पायरी चढतच नाही."

याच्या वकीलबाई कडाडल्या, "असं घरी बसून चालत नाही. मागे घेतो म्हणून अर्ज द्यायचा. आणि इतक्या उशिरा मागे घेताय, समोरच्यांनी खर्च मागितला तर तुमच्यावर बसू शकतो. सुनेला आधी विचारा, दोघांचं जमलं तर उत्तम."

विचारेल तर शपथ! मला म्हणतो, "ताई, पैसे देईन हो मी. पण खर्चावरून पुन्हा वाजलं, तर माझा शनिवार जाईल."

"घड्याळाचं पोट फाडतोस, आणि सुनेपुढे तोंड उघडत नाही?" मी म्हटलं. शेवटी तिला न विचारताच अर्ज दिला, आणि तारखेला मलाच सोबत घेऊन कोर्टात गेला.

आमचा पुकारा झाला. आम्ही आत शिरलो, तर सुनेचा वकील उभाच. "मॅडम, यांनी सहा महिने आम्हाला हेलपाटे घालायला लावले. आणि आजही अकराच्या वेळेला सात मिनिटं उशीर! खर्च मिळावा."

जजबाईंनी भिंतीवर पाहिलं. अकरा वाजून सात मिनिटं.

मी घड्याळजीचा शर्ट ओढला. गप्प बस म्हणून हो! पण हा कसला ऐकतोय. "मॅडम, माफ करा. हे घड्याळ आठ मिनिटं पुढे आहे."

"कोर्टाचं घड्याळ चुकत नाही!" वकील.

तेवढ्यात सून उठली. मनगट वर केलं. "बाबांचं बरोबर आहे. माझ्यात अकराला एक कमी."

"हे लावलं कुणी?" जजबाईंनी विचारलं.

"बाबांनीच," ती म्हणाली, आणि सगळी खोली हसली. "आणि खर्चबिर्च काही नको मला, मॅडम. ज्याचा त्याने. आमचं जमलंय."

घड्याळजी नाक पुसत होता. सर्दी म्हणे!

जजबाईंनी हळूच बाही मागे सारली, स्वतःचं घड्याळ पाहिलं. "हं. अकराला एकच कमी आहे." मग लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, "अर्ज मागे घ्यायला परवानगी. ज्याचा खर्च त्याने सोसायचा." आणि भिंतीकडे बोट करून, "आता आलाच आहात, तर हे नीट करून द्या."

"देतो की," घड्याळजी खिशातून भिंग काढत म्हणाला. "पण मॅडम, घड्याळ तुमचं. ज्याचा खर्च त्याने."