वाटीभर डांगर

भुताखेतांच्या हकिकतींसाठी मासिकाची पानं खर्च करण्यापेक्षा बाजारभाव तरी छापा, असं मीच एकदा संपादकांना पोस्टकार्ड टाकून कळवलं होतं. तेच सद्गृहस्थ आता माझी हकिकत छापणार आहेत, तेव्हा हसायची पाळी त्यांची. माझा पेशा हिशेबनिसाचा. जमा-खर्चाच्या दोन बाजू जुळल्या नाहीत की मला जेवण जात नाही, आणि अशा गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. आज आहे का, ते विचारू नका... घडलं तसं सांगतो.

लढाईच्या दिवसांत पुण्यात आमची फार ओढाताण व्हायला लागली. पगार होता तिथेच आणि भाव रोज वर. दोन अंधाऱ्या खोल्यांना बावीस रुपये भाडं. अशात धुळ्याच्या एका तेलाच्या गिरणीत हिशेबनिसाची जागा निघाली. पगार थोडा कमी, पण ज्वारी, दूध, तूप सगळं स्वस्त, आणि पाच खोल्या व मागे अंगण असलेलं घर नऊ रुपयांत. मी कागदावर मांडून हिला दाखवलं. ही म्हणजे माझी पत्नी, सुमती. तिनं कागद पाहिला आणि म्हणाली, "ह्यात माझ्या मैत्रिणी कुठल्या रकान्यात धरल्यात?"

तरी ती आली. दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं आणि दोन मुली मनमाड, चाळीसगाव अशा गाड्या बदलत धुळ्यात उतरलो. घर गल्ली नंबर चारमध्ये होतं. ह्या गावात पेठांना नावं असली तरी गल्ल्यांना नंबर आहेत, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली. हिला ती मुळीच आवडली नाही. "नंबर कैद्यांना असतात," म्हणाली.

घरमालक नाना पारोळ्याला राहायचे आणि दोन-तीन महिन्यांनी भाड्यासाठी एक खेप करायचे. शेजारी पारूअक्का. मोकळ्या मनाची शेतकरी बाई, पण बोलणं अस्सल खानदेशी. ती "काय करी राह्यनी वं बाई?" म्हणायची आणि ही नुसती हसून मान हलवायची. आत येऊन मला म्हणायची, "मी कशाला हो म्हटलं, देव जाणे."

चैत्र लागला तशी हिनं मला स्पष्ट सांगितलं. "अक्षय तृतीया झाली की मी मुलींना घेऊन पुण्याला जाते. दादाच्या घरची एक खोली रिकामी आहे. जूनमध्ये शाळा सुरू होतील. तुम्ही इथं खानावळ लावा."

मी म्हटलं, "अगं, दोन बिऱ्हाडं झाली तर इथं येण्यात काय वाचलं?"

"मी वाचेन," ती म्हणाली.

तिनं ट्रंक माळ्यावरून काढून पुसली आणि भिंतीशी ठेवली. मुलींचे लोकरीचे कपडे आधी भरले. मी गिरणीत चौकशी करून खानावळीचा दर आणला, पण बेरीज करवेना. मुली नसलेल्या त्या पाच खोल्या डोळ्यांपुढे यायच्या.

अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. आपल्याकडे दिवाळीचं जे महत्त्व, ते इथं आखाजीचं. लग्न झालेल्या मुली आईकडे येतात, निंबांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. घरोघरी आपल्या वारलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर भरून पुजतात. गल्लीत दर घरी कुणाची तरी लेक आली होती. पारूअक्काच्या दोघी आल्या होत्या. ही खिडकीतून बघायची आणि खिडकी लावून घ्यायची. हिची आई लग्नाआधीच गेलेली.

आदल्या दिवशी संध्याकाळी ही मला म्हणाली, "आज मागच्या दारी एक आजी आल्या होत्या. उद्या घागर भरशील ना, म्हणाल्या. भर, आणि डांगर ठेव, विसरू नको."

"कुठल्या आजी?"

"गल्लीतल्याच असतील. मी आसन टाकेपर्यंत गेल्यासुद्धा."

आता डांगर म्हणजे काय, ते पुण्याच्या बाजूच्या वाचकांना सांगायला नको. भाजलेल्या उडदाचं पीठ ताकात कालवायचं, हिंग, मीठ, तिखट, वर कच्चं तेल. हिला नवल वाटलं, पण इकडची रीत असेल म्हणून सकाळी हिनं वाटीभर डांगर कालवलं आणि घागरीच्या तोंडावर ताटली ठेवून तिच्यावर ती वाटी ठेवली. तेवढ्यात पारूअक्का सांजोऱ्या घेऊन आली आणि दारातच थबकली.

"माय वं माय! हाई डांगर शे का? बठ्ठा गाव हासी!"

सगळा गाव हसेल, म्हणे. खानदेशात डांगर म्हणजे खरबूज! पारूअक्का पोट धरून हसली, धावत जाऊन एक पिवळंधमक खरबूज घेऊन आली आणि घागरीवर ठेवलं. वाटी खाली पाटावर आली. तिच्या लेकींना बोलावून तिनं ती दाखवली. हिनं हसून साजरं केलं, पण त्या गेल्यावर डोळ्याला पदर लावला. मला म्हणाली, "इथं मला साधा एक शब्द धड कळत नाही हो." मी गिरणीत जायला निघालो, तेव्हा ती ट्रंकेचं कुलूप शोधत होती.

सणामुळे गिरणी दुपारी सुटली. मी भर उन्हाचा घरी आलो. आमच्या घराची रचना सरळ आहे. पुढचं दार, एकामागे एक खोल्या, शेवटी स्वयंपाकघर आणि त्याचं दार अंगणात. अंगणाला माझ्या डोक्याच्या वर भिंत, भिंतीत मागच्या गल्लीचं दार. अंगणात एक निंब.

स्वयंपाकघरात आलो तर बाहेरून हसणं ऐकू आलं. हिचं. ते हसणं मी पुण्यानंतर ऐकलं नव्हतं. दारातून पाहिलं. निंबाला झोका बांधलेला, ही त्यावर बसलेली, आणि पाठमोरी एक ठेंगणी म्हातारी बाई तिला झोका देत होती. अंगावर किरमिजी नऊवारी लुगडं, कोपरं उन्हानं रापलेली. परक्या बाईसमोर एकदम कसं जायचं म्हणून मी दारातच दोन पावलं मागे सरलो आणि डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली. खुंटी दाराच्या चौकटीलाच आहे. तेवढ्यात हसणं थांबलं.

मी बाहेर आलो. ही एकटीच झोक्यावर.

"आजी कुठे गेल्या?"

"पाणी प्यायला आत गेल्या ना. तुमच्या अंगावरूनच गेल्या की!"

माझ्या अंगावरून कुणीही गेलं नव्हतं. मागच्या गल्लीच्या दाराची कडी आतून लावलेली होती. मी स्वतः हलवून पाहिली. मुली पारूअक्काकडे होत्या. मी खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली. स्वयंपाकघरात घागर होती, तिच्यावर खरबूज होतं, आणि पाटावरची वाटी निपटून रिकामी होती. मांजर म्हणावं, तर रिकाम्या वाटीवर ताटली नीट झाकलेली होती. मांजर खाऊन झाकण ठेवत नाही.

"काय बोलत होत्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, तुला आखाजीला बोलवायला आई नाही ना, म्हणून मी आले. म्हणाल्या, मीपण पहिल्या वर्षी फार रडले. सगळे हसले मला. हसू दे. पुढची एक आखाजी इथं काढ गं." ही झोक्यावरून उतरली. "बोलत होत्या इकडचंच, पण 'वं' नाही हो म्हणत. 'गं' म्हणतात. आपल्यासारखं."

झोका कुणी बांधला म्हणून मी पारूअक्काला विचारलं. "माले ठाव नही, भाऊ," ती म्हणाली. "आनि म्हातारी कोनती? आठे अशी कोनी म्हातारी नही."

ट्रंक भिंतीशीच होती. हिनं त्या आठवड्यात पुण्याचं नाव काढलं नाही आणि मी विचारायला धजलो नाही.

पुढे नाना भाड्यासाठी आले. चहा घेताना मी गंमत म्हणून डांगराची गोष्ट सांगितली. नाना मोठ्यानं हसले. मग हसता हसताच त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"आमच्या आईनंही हेच केलं होतं," ते म्हणाले. "ती वाईची. नवी नवरी होऊन ह्याच घरात आली. पहिल्या आखाजीला सासूनं सांगितलं, डांगर ठेव. तिनं वाटीभर उडदाचं कालवून ठेवलं! आमचे वडील, आबा, तिला जन्मभर चिडवायचे. मग तीही हट्टाला पेटली. दर आखाजीला घागरीवर खरबूज आणि खाली वाटी. म्हणायची, ते तुमच्या गावाचं डांगर, हे माझं."

ही दाराआडून पुढे आली. "नाना, त्या 'वं' म्हणायच्या का हो?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. "सगळं आमच्यासारखं बोलायची. तेवढं 'वं' काही शेवटपर्यंत जमलं नाही तिला. का?"

हिनं सांगितलं. झोका, लुगडं, रिकामी वाटी, सगळं. नाना उठून मागच्या अंगणात डोकावून आले. मग म्हणाले, "आई ह्याच घरात गेली. त्यानंतर आम्ही पारोळ्याला बिऱ्हाड हलवलं. घागर भरतो तिच्या नावानं. खरबूज ठेवतो. पण ती वाटी... कुणाच्या ध्यानातच राहिली नाही." आणि त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

मी माझ्या परीनं सगळं तपासलं. पारूअक्का ह्या गल्लीत आली ती नानांच्या आई गेल्यानंतर. तिला वाटीची गोष्ट माहीत असायचं कारण नाही. नानांनी ती आम्हाला कधी सांगितली नव्हती. उन्हाचा भास म्हणावा, तर तो दोघांना एकच कसा झाला? आणि झोक्याचा दोर आमच्या घरचा नव्हता. तो अजून माळ्यावर आहे.

नाना गेले त्या संध्याकाळी हिनं ट्रंक उघडली, मुलींचे कपडे काढून परत कपाटात लावले आणि मला म्हणाली, "वर ठेवा ही. किती दिवस पायात येतेय."

त्यानंतर आम्ही धुळं सोडलेलं नाही. लढाई संपली, पुण्याहून एकदा बोलावणंही आलं. हिनंच नको म्हटलं. पारूअक्काशी आता तिचं असं चालतं की मला निम्मं कळत नाही. दर आखाजीला आमच्याकडे घागरीवर खरबूज असतं आणि खाली वाटी असते. ती वाटी पुन्हा कधी रिकामी झाली नाही. पुढच्या वर्षी ही त्यानं जरा हिरमुसली. मग म्हणाली, "आता पारोळ्याला जात असतील. नानांनीही वाटी ठेवायला सुरुवात केलीय ना."

नाना अजून भाड्याला येतात. चहा घेतात, आईच्या गोष्टी सांगतात. पारोळ्याच्या वाटीचं काय होतं, हे मी त्यांना सहज विचारू शकतो. एक प्रश्न विचारला की ताळा मिळेल किंवा चुकेल. पण चार आखाज्या झाल्या, मी विचारलेलं नाही. माझ्या आयुष्यात न पडताळता ठेवलेली ही एकच रक्कम आहे, आणि ती तशीच राहू द्यावी असं मला वाटतं.