घोडी चालवा, असं मीच म्हणालो

लोक मला डॉक्टर म्हणतात आणि मी ते खपवून घेतो, सुरुवात इथूनच केली पाहिजे. मी डॉक्टर नाही. देवरीकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. गाई-म्हशींना लस टोचणं आणि शेळ्यांना जंताचं औषध पाजणं, एवढं माझं राज्य. सव्वीस वर्षांच्या नोकरीत घोड्याशी माझा संबंध आला तीनदा, त्यातलं एक खेचर निघालं. तरी मुर्रीत, म्हणजे माझ्या गावात, घराच्या आसपास कुणाचं जनावर शिंकलं की मला बोलावणं येतं आणि मी ऐटीत जातो. अशा वेळी मी बोलतोही पुस्तकी मराठी. समोरच्याला वाटतं, याला कळतं. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक घोडीवाला राहतो. वरातीची पांढरी घोडी, झालरीचं खोगीर, कपाळावर आरशांचा गोंडा. तो मला सायेब म्हणतो, मी त्याला भाऊ. घोडी मात्र खरी वहिनीची, म्हणजे त्याच्या बायकोची. शिंगरू असताना तिची आई मेली, तेव्हा वहिनीनं बाटलीनं दूध पाजून ती जगवली. वरातीत लगाम धरून फोटोत यायचं काम भाऊचं, बाकी सगळं वहिनीचं.

वरातीच्या घोडीचं वर्ष पंचांगावर चालतं. आषाढात लग्नं थांबली की चार महिने देव झोपतात आणि घोडी गोठ्यात उभी राहून खाते. तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवसापासून तिनं नाचत निघावं, अशी सगळ्यांची अपेक्षा. त्या वर्षी दिवाळीच्या आधी भाऊनं मला गोठ्यात नेलं. "सायेब, अंगावर चमक नाई दिसून राहिली. काय चारू?"

मी घोडीभोवती एक फेरी मारली. फेरी मारल्याशिवाय सल्ल्याला वजन येत नाही. मग म्हणालो, "चणा दुप्पट करा. वर गूळ." का? म्हशीला सरकी वाढवली की दूध वाढतं, एवढ्याच ज्ञानावर.

वहिनी शेण काढत होती. ती म्हणाली, "उभ्या जनावराले येवढा चना कसा पचन जी? फिरवत बी नाई तिले कोनी."

"वहिनी, ते माझ्यावर सोडा."

तिनं सोडलं.

हंगामाचा पहिला मुहूर्त माझ्याच पुतण्याचा होता. पुतण्या वजनदार आहे, हे मी काका म्हणून प्रेमानं सांगतो. त्याला घोडीवर चढवायला चौघं लागले. सकाळी अकराला वरात निघाली. पुढे पिकअपवर डीजे, मागे तोंडात रुमाल धरून नागीण झालेले आमचे जावई, आणि एक फोटोग्राफर, ज्यानं एका व्हिडिओसाठी घोडीला तीनदा मागे नेऊन पुढे आणलं. मी गुलाबी फेटा बांधून लगामाशेजारी चालत होतो. घरातला डॉक्टर लगामाशेजारी शोभतो, असं पुतण्याच्या आईचं, माझ्या थोरल्या भावजयीचं म्हणणं.

अर्ध्या तासात घोडीची चाल बदलली. मागचे पाय आखूड पडू लागले. आमची पाहुणेमंडळी म्हणाली, वा, काय नाचते! मग ती उभीच राहिली. हवा गार, तरी अंगावरून घाम निथळत होता. कुशी थरथरत होत्या, नाकपुड्या फुलल्या होत्या, पुढच्या पायानं ती जमीन उकरत होती.

डीजेवाला वरून ओरडला, "चाचा, घोडी की बैटरी डाउन हो गई क्या?"

सगळे हसले आणि हसून झाल्यावर माझ्याकडे बघू लागले. मी फेटा सावरून तिच्या पोटाला कान लावला. आत काय ऐकू यायला हवं हे मला ठाऊक नव्हतं, आणि डीजेमुळे तसंही काही ऐकू आलं नसतं. तरी उठून म्हणालो, "पोट दुखतंय. गॅस आहे. चालवा तिला, चालवली की मोकळी होईल."

वरात तेव्हा भाऊच्याच घरासमोर होती. वहिनी अंगणातून धावत आली आणि तिनं घोडीच्या मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला. "गोटा झाला जी इथं. सायेब, हात लावून पाहा. हे पोटाचं नाई. उभी राहू द्या तिले."

मी हात लावला नाही. एवढ्या लोकांसमोर एका बाईनं दाखवलेल्या जागी हात लावायचा म्हणजे तिचं खरं मानायचं. पुतण्यालाही मी खाली उतरवलं नाही, कारण उतरलेला नवरदेव फोटोत बरा दिसत नाही. "चालवा," मी पुन्हा म्हणालो, आणि भाऊनं लगाम ओढला. मांडव शाळेच्या मैदानात होता. एरवी पाच मिनिटांची वाट. घोडीला ती किती लांब वाटली असेल, याचा हिशेब मी पुढे बराच काळ टाळला.

मांडवाच्या दारात तिनं पाय फाकवले आणि लघवी केली, कोऱ्या चहासारखी काळपट तांबडी. एक पाहुणा म्हणाला, "रंग सांडला काय गा?" त्यानंतर ती जागची हलेना. फोन कुणी केला असेल? वहिनीनं. गोंदियाहून माझ्या मुलीच्या वयाची एक डॉक्टरीण आली, खरीखुरी. तिनं पिशवी ठेवली आणि पहिला हात पुठ्ठ्यावर ठेवला.

"स्नायू आखडलेत," ती म्हणाली. "बरेच दिवस उभी होती ना? दाणा तोच होता की वाढवला होता? आणि आखडल्यावर किती चालवली?"

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चालवली नाही. तिथंच थांबवली. आणि दाण्याचं म्हणाल तर घरी बाई चारते, मला कल्पना नाही."

इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही. डॉक्टरीणबाईनं जमिनीवरची ओल पाहिली, मग मला पाहिलं. "ताठलेल्या स्नायूवर चालवलं तर तो आणखी फाटतो," ती म्हणाली. "त्याचाच हा रंग. हा मूत्रपिंडात अडकला तर घोडी हातची जाईल. काही न लपवता सांगा, मला त्यावर औषध ठरवायचंय." मी फेट्याचा शेमला नीट करत राहिलो. तिनं पुन्हा विचारलं नाही, सलाईनच्या बाटल्या मात्र वाढवून मागवल्या.

घोडीला गोठ्यापर्यंतही न्यायचं नाही, असं तिनं बजावलं. मग संध्याकाळपर्यंत घोडी मांडवाच्या दारातच उभी होती. पाठीवर घोंगडी, मानेला सलाईन, पुढ्यात पाण्याची बादली, आणि बाजूनं पाहुणे जेवायला जाऊन राहिले होते. काहींनी तिच्यासोबत सेल्फी काढले. वहिनी तिच्या गळ्याशी उभी होती, ती जेवायला आली नाही.

घोडी वाचली. पहिले काही दिवस नुसती उभी, दाणा बंद, वाळलं गवत आणि पाणी. मग रोज थोडं हातानं फिरवणं. हंगाम बुडाला, पण जीव राहिला. त्या धाकधुकीच्या दिवसांत भाऊनं एक निर्णय घेतला. घोडीचं चारणं-पाजणं त्यानं बायकोच्या हातून काढून घेतलं. वहिनीनं गोठ्यात पाय ठेवायचा नाही. आणि पुढे चार वर्षं तो प्रत्येक वरातीत सांगत राहिला, "आमच्या मंडळीनं चन्यानं मारली असती घोडी." माणसं हसत. वहिनी रस्त्यात भेटली की मला विचारायची, "जेवले काय, सायेब?" तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

यंदा तुळशीच्या लग्नाआधी गावातल्या सभागृहात घोडेवाल्यांसाठी शिबिर ठेवलं होतं. बोलायचं होतं डॉक्टरांनी, ते रजेवर, म्हणून मला उभं केलं. बॅनरवर जर्सी गायीचा फोटो. मी फार छान बोललो. उभ्या जनावराचा दाणा कमी करा, गवत वाढवा. सुटीतही रोज फिरवा. हंगामाआधी पंधरा दिवस हळूहळू काम वाढवा. चाल आखूड झाली, घाम सुटला, पुठ्ठा कडक लागला तर तिथल्या तिथं थांबवा, एक पाऊल चालवू नका. थंडीत पांघरूण घाला, पाणी ठेवा, डॉक्टर बोलवा.

तेवढ्यात भाऊ उठला. "सायेब बराबर सांगून राहिले. माह्याच घरी झालं हे. बाईच्या हाती दानापानी दिलं अन् घोडी जाता जाता राहिली."

सभागृह हसलं. मीही हसलो, आणि आपलंच हसणं कानावर आल्यावर मला खाली बसवेना. चहाची वेळ झाली होती. भाऊला घेऊन मी तडक त्याच्या घरी गेलो.

वहिनी अंगणात लाखोरीची भाजी निवडत होती. मी उभ्या उभ्या बोललो. चणा मी वाढवायला सांगितला. घोडी मी चालवायला लावली. डॉक्टरीणबाईशी मी खोटं बोललो.

तिनं हातातली जुडी संपवली. "हे मले काऊन सांगता? मी तिथंच होती न. ह्यायले बी माहीत हाय. लगाम कोनाच्या हाती होता?"

भाऊ चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. आम्ही दोघांनी याबद्दल कधी एक शब्द बोलून ठरवलं नव्हतं. बाईवर ढकलायला पुरुषांना बैठक घ्यावी लागत नाही.

"जिथं हसले तिथं सांगा," वहिनी म्हणाली. पदराला हात पुसले आणि आमच्या पुढे चालू लागली.

सभागृहात माणसं पोहे खात होती. मी पुन्हा उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. या वेळी पुस्तकी मराठी आली नाही. कुणी खोकलं. एकानं विचारलं, "मंग आता घोडीले चारन कोन?"

"मी," वहिनी म्हणाली. "हे घरी भात रांधतीन."

"अन् भात करपला तं?"

"तं सायेबाले बोलवा. त्यायले सारंच समजते."

यावर जो हशा पिकला तो आमच्या वाट्याचा होता. वहिनी थांबली नाही, गोठ्याकडे निघून गेली. भाऊ आणि मी मागाहून निघालो. वळणावर तो हळूच म्हणाला, "सायेब, भाताले पानी किती घालते जी?"

"वहिनींना विचारा."

"तिले कोन्या तोंडानं विचारू आता?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघं तिथंच रस्त्यात उभे राहिलो.