मावशींच्या चाचणीत माझी उत्तरं

लोकांचे अर्ज लिहिणं हे माझं काम. वडगावात तहसील कचेरीच्या पायरीवर बसून कितीतरी लिहिले. माणूस म्हणतो, जरा तरास हाय. मी लिहिते, 'असह्य त्रास'. त्याशिवाय साहेब कागद वाचत नाही, हे आम्ही कामगार संघटनेत पहिल्याच आठवड्यात शिकतो. मला त्याचा अभिमान होता.

सुदुंबऱ्याच्या मावशी कारखान्यात प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर होत्या. शेजारच्या मशीनवर एका बाईचा पंजा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून प्रेसपुढे उभं राहिलं की मावशींचे हात थरथरायचे. त्यांना पॅकिंगला बदली हवी होती, बाकी काही नाही. कंपनी म्हणाली, मानसिक तपासणीचा अहवाल आणा.

मी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. तिथल्या मानसतज्ज्ञ बाईंनी जाडजूड पुस्तिका दिली. शेकडो वाक्यं, प्रत्येकापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' अशी खूण करायची. मावशींना वाचन अवघड आणि बाईंकडे आलेल्या रुग्णांची रांग जिन्यापर्यंत गेलेली, म्हणून वाचून दाखवायला मला बसवलं. उत्तर त्यांचंच लिहायचं, हे दोनदा बजावलं.

मी वाचलं, 'इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी मला दिसतात.' मावशी हसल्या.

"भुतं व्हय? न्हाई बा."

मी 'बरोबर' केलं. तो पंजा दिसतोच की त्यांना, असं मनाशी म्हटलं. 'आवडत्या गोष्टीत माझं मन रमतं.' मावशी म्हणाल्या, भाचीच्या हळदीत लय नाचले. मी 'चूक' केलं. पुढेपुढे तर मी त्यांच्या उत्तरासाठी थांबतही नव्हते. माझ्या लेखी तो अर्जच होता आणि समोर कंपनी होती.

दहा दिवसांनी बाईंनी दोघींना बोलावलं. अशा पुस्तिकेत काही वाक्यं मुद्दाम घातलेली असतात, त्या सांगत होत्या. फार आजारी माणूसही त्या सगळ्यांना हो म्हणत नाही. इथे त्रास इतका फुगलाय की खरा किती ते कळत नाही, यावर अहवाल देता येणार नाही. मग त्यांनी मावशींना सरळ विचारलं, ही उत्तरं तुमचीच ना?

मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"व्हय. माझीच."

मी पुस्तिकेवरच्या माझ्या खुणा बघत बसले. मोर्चात जिला माइक लागत नाही, ती मी.

एसटीची वाट बघताना त्या एवढंच म्हणाल्या, "माझं हाय तेवढं पुरं न्हवतं का, ताई?"

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त सांगितलं, चाचणी पुन्हा होईल, या वेळी वाक्यं त्या स्वतः वाचतील, मी आत यायचं नाही. तारीख मिळाली महिन्यानंतरची. तोवर मावशी रोज प्रेसपुढे उभ्या आहेत.

संघटनेत विचारतात, मावशींच्या प्रकरणावर कंपनीविरुद्ध पत्रक कधी काढतेस. मी म्हणते, नको. का नको, ते अजून सांगितलेलं नाही.