केमिस्ट मॅडम

भिवंडीतल्या आमच्या डाईंगच्या कारखान्यात मी केमिकलचं स्टोअर सांभाळतो. कापडाचा रंग ठरवणाऱ्या केमिस्ट एक मॅडम आहेत. बाहेरचा माणूस लॅबमध्ये डोकावून विचारतो, "साहब किधर है?" मॅडम म्हणतात, "बैठिए." मग खुंटीवरचा पांढरा कोट घालून त्याच्यासमोर बसतात. "हां, बोलिए." चेहऱ्यावर राग नसतो, हसूही नसतं.

बोलतात मोजकं. रंगवलेला तुकडा खिडकीशी धरून "अजून जरा निळा" म्हणतात, एवढंच. जेवायला एकदा आमच्यात येऊन बसल्या, तर सगळे गप्प झाले. परत कधी आल्या नाहीत.

गेल्या वर्षी वळ गावची एक बीएस्सी झालेली मुलगी त्यांच्या हाताखाली लागली. महिनाभर लॅबमधून दोघींच्या गप्पा ऐकू यायच्या. मॅडम एवढं बोलतात हे मला तेव्हा कळलं. मग एक दिवस मुलीचे वडील आले. "केमिकलचं काम पोरींचं न्हाय. तिला शाळेवर शिकवायला लावतो." मुलगी मान खाली घालून उभी होती. मॅडमनी वाद घातला नाही. रंगांची मापं लिहिलेली स्वतःची जुनी वही तिच्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे."

ते गेल्यावर बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "जाऊ द्या मॅडम. या लाइनीत बायका टिकतच नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सतरा वर्षं तुम्ही केमिकल कुणाला देताय?"

त्या आत गेल्या आणि दार हळूच लावून घेतलं.