अठराव्या ग्रीनवरचा टॅपिओका

आमचे अंकल वाईट फटका बघायचेच नाहीत. कुणी बॉल तळ्यात घातला की तोंड फिरवायचे आणि खिशातल्या फडक्यानं त्याची काठी पुसायला घ्यायचे, जणू तिचाच अपमान झालाय. सिंगापूरला आमच्या शिपिंग कंपनीत तेव्हा साहेबांचं फर्मान निघालं होतं : गोल्फ शिका, कंत्राटं तिथेच मिळतात. म्हणून दर शनिवारी टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधून मी जांभया देत त्या क्लबात जायचो आणि सत्तरी ओलांडलेले अंकल (तिथे वडीलधाऱ्या कुणालाही असंच म्हणतात) मला शिकवायचे. “इंजिनिअर, बॉलनं तुझं काय बिघडवलंय, लाह?” असं तिथल्या बोलीतलं ‘लाह’ शेपटासारखं जोडून विचारायचे.

तरुणपणी अंकल याच मैदानावर चॅम्पियन झाले होते. अठराव्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर, त्यांनी स्पर्धा जिंकली आणि काही आठवड्यांत जपानी फौज आली. शिपायांनी त्यांच्याच हातात कुदळ देऊन ती हिरवळ खणायला लावली आणि तिथे टॅपिओका लावला. युद्ध संपेपर्यंत अंकल तेच कंद उकडून खात होते. खणून खणून खांदा गेला. पुढे पुन्हा खेळले, पण जिंकले कधीच नाहीत. क्लबातल्या विजेत्यांच्या फळ्यावर त्या वर्षाची ओळ कोरीच राहिली होती. बुटाची नाडी बांधताना अंकल तिकडे बघायचे. “एक नाव लिहायला किती पेंट लागतो?”

एका एकादशीला मी बायकोनं डब्यात दिलेली साबुदाण्याची खिचडी त्यांना दिली. दोन चमचे मिटक्या मारत खाल्ले आणि विचारलं, हे कशाचं? मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, टॅपिओकाचं. अंकल उठून बाहेर गेले, थुंकले, चूळ भरली. परत आल्यावर म्हणाले, “तुझ्या बायकोला सांगू नकोस हं.”

युद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा कमिटीनं जंगी जेवण ठेवलं. अंकलचं नाव फळ्यावर लिहायचं कबूल केलं, पण एक अट घातली. त्यांनी अठराव्या ग्रीनवर कुदळ घेऊन उभं राहायचं आणि फोटोसाठी टॅपिओका खायचा. पाहुण्यांनाही तो चांदीच्या वाट्यांतून, वर खोबरं भुरभुरून वाढला होता. “सो क्यूट, लाह!” असं म्हणत बायका चाखत होत्या. मला शिसारी आली. वाटलं, अंकल आता समोरची बशी भिरकावतील.

त्यांनी एकदा क्लबाच्या इमारतीकडे पाहिलं आणि तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. टाळ्या पडल्या. साहेब शेजारीच उभे होते, मीही वाजवल्या. त्या टाळ्यांची किळस अजून माझ्या हातांवरून जात नाही.

पुढच्या शनिवारी फळ्यावर सोनेरी अक्षरांत नाव लागलं होतं. अंकलनी नाडी मान खाली घालूनच बांधली. मी बॉल मारला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो सरळ, लांब, बरोबर मध्यावर गेला.

मी वळून पाहिलं. अंकलनी तोंड फिरवलं होतं. माझ्या हातातली काठी घेऊन ते पुसायला लागले.