चौदावा प्रश्न

एखाद्या सुनेला तिच्या नवऱ्याबद्दल काही विचारायचं असेल, तर आधी तिची सासू जागची हलवावी लागते, आणि सासू काही हलत नाही. नळदुर्गच्या दवाखान्यात मी नर्स होते. पाहणीच्या कामाला लागले आणि पहिल्याच आठवड्यात मला हे कळून चुकलं.

निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती. पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आमच्या भागात आल्या. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात, अशा तक्रारी घेऊन कितीतरी बायका दवाखान्यात यायच्या आणि तपासलं तर काहीच सापडायचं नाही. लोक म्हणायचे, सोंग आहे. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, दुखणं खरं आहे, पण नवराबायकोच्या शरीरसंबंधांत या बाईला सुख आहे का, हे तिला आजवर कुणी विचारलेलं नाही. त्यांनी बावीस प्रश्नांचा छापील तक्ता आणला होता. त्यावर बाईचं नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही, नुसता क्रमांक टाकायचा. चौदावा प्रश्न असा होता: पतीच्या सहवासाची तुम्हाला स्वतःला ओढ वाटते का?

मी तक्ते घेऊन घरोघर हिंडू लागले. सून समोर बसायची आणि उत्तरं सासू द्यायची. "तिला काय इचारता बाई? समदं बरं हाय तिचं." एका म्हातारीनं तर चौदाव्या प्रश्नाचं उत्तरही ठासून देऊन टाकलं, "तसलं काय न्हाय आमच्यात." मी तक्ता घडी करून पिशवीत टाकला. हसू आवरत नव्हतं आणि रागही येत होता.

मग एके दिवशी वाट सापडली. एका घरची सून कावळा शिवला म्हणून गोठ्याच्या कडेला पोतं टाकून एकटीच बसली होती. मी तिच्याकडे निघाले तर सासू दारातूनच म्हणाली, "तिकडं जाऊ नगा, शिवाशिव हुईल. घरी जाऊन आंघूळ करावी लागंल तुमाला." म्हटलं, करीन. आणि सरळ तिच्या पोत्यावर जाऊन बसले. विटाळाच्या धास्तीनं सासू वीस पावलं लांब. अख्ख्या महिन्यात त्या बाईच्या वाट्याला तेवढेच तीन दिवस असे, की ती काय बोलते ते कुणाच्या कानावर पडत नाही. त्यानंतर मी गावात शिरले की आधी विचारायची, कुणाच्या घरी कोण बाजूला बसलंय. विटाळ या प्रकाराची मला एरवी चीड आहे. पण त्या कामात मी त्याचा पुरेपूर फायदा उठवला, खोटं कशाला सांगू.

तरी चौदाव्या प्रश्नाला बहुतेकजणी पदर तोंडावर घ्यायच्या. मी लिहायची, उत्तर नाही. एकीनं मात्र पदर घेतला नाही. तिचा नवरा सोलापूरला गिरणीत होता, सणावारी यायचा. ती माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "वाटती की. लई वाटती. त्येंचा एक सदरा म्या धुतलाच न्हाय. तसाच उतरंडीमागं ठिवलाय." मग तक्त्याकडे बोट करून तिनं विचारलं, "ह्ये कागदावर लिवनार तुमी?"

"लिहिणार."

"लिवा मंग. पुन्यांदा कोन इचारतंय."

त्या दिवशी परतताना मला तिचा हेवा वाटला. तिचा नवरा सोलापुरात होता म्हणून ती झुरत होती. माझा नवरा दर शनिवारी घरी येत होता, आणि मी झुरतच होते.

हे मुरुमला शाळेत मास्तर होते. शनिवारी दुपारच्या मोटारीनं यायचे, सोमवारी पहाटे जायचे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझं मूल पोटातच गेलं आणि मीही जाता जाता वाचले. तेव्हा डॉक्टरांनी यांना बजावलं होतं, काही महिने हिला जपा. यांनी जपलं. ते महिने संपले, वर्षं उलटली, यांचं जपणं काही संपेना. पाणी तापवून द्यायचे, जड उचलू द्यायचे नाहीत, आणि रात्री मध्ये हातभर जागा सोडून निजायचे. त्यांचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. मी चाळीसएक बायकांना जे विचारलं होतं, ते स्वतःच्या नवऱ्याशी बोलायला माझी जीभ रेटत नव्हती.

डॉक्टरीणबाईंना सगळ्या तक्त्यांची एक स्वच्छ नक्कल हवी होती, मनाचे आजार बघणाऱ्या एका डॉक्टरांकडे पाठवायला. यांचं अक्षर मोत्यासारखं. नावं-गावं नव्हतीच, म्हणून बाईंनी परवानगी दिली आणि रविवारी दुपारी हे दौत-टाक घेऊन नक्कल करायला बसू लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. एक कोरा तक्ता उरला होता. मी तो माझा म्हणून भरला. चौदाव्या प्रश्नापुढे लिहिलं, "शनिवारी मोटारीचा आवाज आला की," आणि शनिवार खोडला. तो कागद फाडला, रेघा मारून हातानं दुसरा केला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मी आठ लिहिली. अपत्ये या रकान्यात लिहिलं, एक मुलगी. यांनी ओळखावं म्हणून तर भरत होते आणि ओळखीची एकेक खूण पुसत होते. उत्तर तेवढं खरं लिहिलं: "हो. फार. ते शेजारी निजतात आणि मी जागी असते. हात लावावासा वाटतो. बाईनं आधी कसा लावायचा?"

तो कागद मी गठ्ठ्याच्या मधोमध सारला.

रविवारी हे लिहीत होते आणि मी समोर गहू निवडत होते. एकेक कागद उलटत होता. माझ्या सुपातले खडे कुठले आणि गहू कुठले, मला दिसेनासं झालं होतं. एका कागदाशी टाक थांबला. यांनी ते उत्तर वाचलं, पुन्हा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाले, "काय गं, या बाईच्या नवऱ्याला कुणी सांगत का नाही?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या बाईसाठी होतं.

 माझ्या तोंडातून निघालं ते पाहणीचं ठरलेलं वाक्य. "आम्हाला तसं सांगता येत नाही. आम्ही फक्त लिहून घ्यायचं."

"तेही खरंच," हे म्हणाले. त्यांनी टाक बुडवला, माझं उत्तर एकही चूक न करता सुंदर अक्षरात उतरवलं, वाळायला बाजूला ठेवलं आणि पुढचा कागद घेतला.

पुढे यांची बदली नळदुर्गला झाली. एकतीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि यांनी मला शेवटपर्यंत जपलं. आता ते नाहीत. हात पुढे करायला मला कुणाची बंदी होती, असंही नाही. त्या दुपारी नुसतं "ती मीच" एवढं म्हणायचं होतं.