रेडिओ बिघडलाय, म्हाताऱ्याला धाडा

“हात लावू नगा, त्येला गुदगुल्या हुत्यात!” ट्रान्झिस्टरकडे कुणाचा हात गेला की हिर्डोशीचे रेडिओवाले बाबा हे म्हणणारच. माझं शिंप्याचं दुकान भोरच्या एसटी स्टँडसमोर. तुम्ही त्या काळी तिथं उतरला असाल तर बाबांना बघितलंही असेल. ट्रान्झिस्टरचं खाकी कव्हर मीच शिवलं. पण माप घेतानासुद्धा त्यांनी तो हातातून सोडला नाही. सांगा आता!

मुंबईच्या गोदीत हमाली करून आणलेला तो. बायको लवकर गेली. बाप-लेक दोघं रोज संध्याकाळी ओट्यावर बसून रेडिओ ऐकायचे. उतरलेले सेल उन्हात तापवून पुन्हा घालायचं काम पोरीचं.

पोरीचं लग्न किकवीला ठरलं आणि नवरदेव त्या ट्रान्झिस्टरसाठीच अडून बसला. बाबांनी मांडवात दोन्ही दिली. “दोगं एकमेकाला सांबाळतील,” म्हणाले.

महिन्याभरात किकवीचा दूधवाला दुकानात निरोप घेऊन आला, “रेडिओ बिघडलाय, म्हाताऱ्याला धाडा.” मी हिर्डोशीच्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा पेचकस घेऊन हजर! मग हे नेहमीचंच झालं. दुरुस्ती फुकटात होते म्हटल्यावर सासरच्यांचं काय जातंय?

“कसला हो तुमचा रेडिओ! मोडीत काढा,” मी एकदा चिडवलं.

बाबा हसले. मग हळूच म्हणाले, “बिघडत न्हाई वो. पोरगीच आतली वायर उपसती. लेकीच्या घरी बापानं उगं कसं जायाचं? म्या वायर जोडतो, तिचं त्वांड बगतो, पानी बी न पिता माघारी येतो.”

पुढं पुढं ते हसणं आटलं. “हातावर डाग हाईत तिच्या. सासू म्हनती, चुलीचं.”

“मग आणा की तिला माघारी!” मी कात्री आपटली.

“चल म्हनलं तर न्हाई म्हनती. बापाची मान खाली जाईल, म्हनती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शिंप्याच्या आगीला कोण विचारतो?

उन्हाळा सरता सरता दूधवाल्यानं ट्रान्झिस्टरच माझ्या मशिनवर आणून ठेवला. “परत दिलाय. आता म्हाताऱ्याला यायचं कारण न्हाई, असं सांगितलंय.”

बाबा आले. माझ्यासमोरच त्यांनी मागचं झाकण उघडलं. वायर उपसलेली होती.

“बोलावलंय तिनं,” म्हणाले आणि तसेच किकवीच्या गाडीकडे धावले. तिथं उंबऱ्याच्या आत कुणी घेतलं नाही. “रेडिओ पोचला न्हवं?” एवढंच जावई म्हणाला. पोरगी नजरेलासुद्धा पडली नाही.

आठवड्यात ती गेली. विहिरीवर पाय घसरला म्हणे. म्हणे! सगळ्या किकवीला ठाऊक होतं, आणि सगळी किकवी गप्प बसली.

त्यानंतरही बाबा स्टँडवर यायचे, ट्रान्झिस्टर खांद्याला अडकवून. किकवीची गाडी लागली की उठायचे, सुटली की पुन्हा बसायचे. एकदा मला राहवलं नाही. “आणा तो इकडं. वायर जोडून देतो, जरा गाणी ऐका,” म्हणून मी हात पुढं केला.

त्यांनी तो छातीशी धरला.

“हात लावू नगा,” म्हणाले. “पोरीनं उपसलीया ती.”